पेशी वाढवल्या, पण कशावर?

रेवा_ज

दुसऱ्या एका धाग्यावर नव्या औषधाची बातमी आली होती. "प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्या" असं त्यात होतं. त्या पेशी कशावर वाढवल्या होत्या, असं मी तिथे विचारलं, तर "त्याने काय फरक पडतो?" असे दोन-तीन प्रतिसाद आले. तिथे अवांतर नको म्हणून हा स्वतंत्र धागा काढते. माझं रोजचं काम पेशीसंवर्धनाचं आहे आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो.

अर्बुदातून (कर्करोगाच्या गाठीतून) काढलेल्या पेशी ज्या डिशमध्ये किंवा फ्लास्कमध्ये वाढवतात ते पॉलिस्टायरीनचं असतं, म्हणजे पारदर्शक, टणक प्लास्टिक. कोऱ्या पॉलिस्टायरीनवर बहुतेक पेशी नीट बसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर प्लाझ्माची (विद्युतभारित वायूची, रक्तातल्या प्लाझ्माची नव्हे) प्रक्रिया करतात. तिच्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात आणि पाणी त्यावर सहज पसरतं. मग माध्यमातल्या (पेशी ज्या पोषक द्रवात वाढवतात त्यातल्या) सीरममधली व्हिट्रोनेक्टिन, फायब्रोनेक्टिन ही प्रथिनं त्यावर जाऊन बसतात आणि पेशी या प्रथिनांना धरते. पेशी प्लास्टिकला चिकटली असं आम्ही म्हणतो, तेव्हा ती प्रत्यक्षात वासराच्या सीरममधून आलेल्या प्रथिनांच्या थराला चिकटलेली असते. जीवाणूंसाठीची साधी पेट्री डिशही त्याच प्लास्टिकची असते, फक्त ती प्रक्रिया झालेली नसते. त्याच पेशी, तेच माध्यम त्या डिशमध्ये घातलं तर अनेक पेशी पसरण्याऐवजी गोळे करून राहतात. एवढा फरक तर आमच्याकडे नवा आलेला विद्यार्थीही पहिल्या महिन्यात पाहतो.

दुसरी गोष्ट ताठरपणाची. ताठरपणा पास्कलमध्ये मोजतात. उंदराच्या निरोगी स्तन-ऊतीचा ताठरपणा साधारण ०.२ किलोपास्कल असतो आणि तिथल्या अर्बुदाचा ४ किलोपास्कलच्या आसपास जातो. पॉलिस्टायरीनचा मात्र सुमारे ३ गिगापास्कल, म्हणजे निरोगी ऊतीच्या जवळजवळ दीड कोटी पट. शरीरातल्या मऊ अवयवांत त्याच्या जवळपास जाणारं काही नाही. मेंदूतली किंवा स्तनातली पेशी आपण त्यावर ठेवतो आणि तिथे ती जशी वागते त्याला तिचा स्वभाव म्हणतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

पृष्ठभागाचा हा प्रभाव कोणी नव्याने शोधलेला नाही. शरीराबाहेर चेतापेशीचा तंतू वाढताना १९०७ मध्ये पहिल्यांदा दाखवणाऱ्या रॉस हॅरिसन यांनी १९१४ मध्ये भ्रूणपेशींना आधार म्हणून कोळ्याच्या जाळ्याचे धागे दिले, आणि पेशी त्या धाग्यांच्या दिशेने लांबत गेल्या. १९६४ मध्ये मॅकफर्सन आणि माँटेनिए (हेच माँटेनिए पुढे एचआयव्हीच्या शोधासाठी नोबेलचे मानकरी झाले) यांनी मऊ अगारची (अगार म्हणजे जेलीसारखा पदार्थ) चाचणी मांडली. निरोगी पेशीला पाय टेकवायला घट्ट जागा लागते, ती नसेल तर तिची वाढ थांबते. विषाणूने बिघडवलेल्या पेशी मात्र अगारमध्ये लोंबकळत राहूनही वाढत होत्या. आजही एखादी पेशी कर्करोगी झाली का हे तपासायला ही चाचणी करतात. पुढे १९७८ मध्ये फोकमन आणि मॉस्कोना यांनी प्लास्टिकवर एका पॉलिमरचा थर कमी-जास्त जाडीचा देऊन पेशी किती पसरेल हे हवं तसं ठरवलं. पेशी जितकी गोल राहिली तितकं तिच्यातलं डीएनए बनणं कमी झालं. माध्यम बदललं नव्हतं, बदलला तो फक्त खालचा थर.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेलेलं काम मीना बिसेल यांच्या गटाचं. त्यांचा जन्म तेहरानचा, कारकीर्द अमेरिकेत बर्कलेची. १९९२ मध्ये त्यांनी आणि ओले पीटरसन यांनी निरोगी आणि कर्करोगी स्तनपेशी प्लास्टिकवरून उचलून एका मऊ जेलमध्ये वाढवल्या. ऊतीखाली जे प्रथिनांचं पातळ अस्तर असतं त्याच्यासारखं हे जेल, मुख्यतः लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ चं. प्लास्टिकवर दोन्ही पेशी वेगळ्या ओळखणं कठीण जायचं. जेलमध्ये निरोगी पेशींनी ग्रंथीतल्यासारखे छोटे, आतून पोकळी असलेले सुबक गोल केले आणि वाढ थांबवली. कर्करोगी पेशी मात्र वेड्यावाकड्या पुंजक्यांत वाढतच राहिल्या. रोगाची जी खूण सूक्ष्मदर्शकाखाली रुग्णाच्या ऊतीत दिसते, ती प्लास्टिकने पुसून टाकली होती आणि जेलने परत दाखवली.

१९९७ मध्ये त्याच गटाने, व्हॅलरी वीव्हर यांच्या हातून, पुढचा प्रयोग केला. पेशी ज्या प्रथिनांनी खालचा आधार धरते त्यांना इंटिग्रिन म्हणतात. कर्करोगी पेशींमधलं बीटा-१ इंटिग्रिन त्यांनी प्रतिपिंडाने अडवलं. त्या पेशींनी जेलमध्ये निरोगी पेशींसारखे गोल केले. जनुकं तीच, त्यातले बिघाड तेच. प्रतिपिंड काढून घेतल्यावर पेशी पुन्हा पूर्वीसारख्या वाढू लागल्या. मी हा निबंध एमएस्सीला असताना वाचला आणि कर्करोग म्हणजे केवळ जनुकांचा बिघाड ही माझी समजूत तिथेच संपली.

मेंदूच्या अर्बुदाचंही एक उदाहरण देते. ग्लायोमाच्या पेशी ०.०८ पासून ११९ किलोपास्कलपर्यंतच्या जेलवर वाढवल्याचं काम २००९ मध्ये बर्कलेहूनच आलं. ताठर जेलवर पेशी पसरल्या, भराभर सरकल्या, विभागत राहिल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्याच पेशी गोल राहिल्या, त्यांचं सरकणं मंदावलं आणि विभाजनही कमी झालं. आता समजा एखाद्या औषधाने पेशींचं सरकणं थांबतं असं कोणी प्लास्टिकवर दाखवलं. मेंदूत त्या पेशी तशा सरकतच नसतील तर ते औषध नेमकं काय थांबवणार आहे?

म्हणून मी विचारते की पेशी कशावर वाढवल्या. पृष्ठभाग हा प्रयोगातला एक घटक आहे, औषधाच्या मात्रेइतकाच. तो निबंधात लिहिला गेला पाहिजे आणि वाचणाऱ्याने विचारला पाहिजे.

जुना_पोलादवाला

उत्तम लेख. माझं आयुष्य पोलादाच्या कारखान्यात गेलं, त्यामुळे ताठरपणा म्हटलं की कान टवकारतात. आम्ही ताठरपणा मोजायला नमुना ओढतो किंवा दाबतो. पेशीकडे असं काय यंत्र आहे? तिला खालचा पृष्ठभाग कडक आहे की मऊ हे कळतं कसं? शिवाय जेल मऊ केलं की त्याची रासायनिक घडणही बदलत असणार. मग फरक ताठरपणामुळे पडला हे तुम्ही कसं ठरवता?

रेवा_ज

काका, तुम्ही नमुना ओढता, पेशीही तेच करते. इंटिग्रिन पेशीच्या पडद्यातून आरपार गेलेलं असतं. बाहेरचं टोक कोलॅजेन वगैरे धरतं, आतलं टोक टॅलिन नावाच्या प्रथिनामार्फत ॲक्टिनच्या तंतूंना जोडलेलं असतं. आपल्या स्नायूंमध्ये असतं तसंच मायोसिन हे तंतू सतत आत खेचत असतं. खालचा आधार कडक असेल तर तो हलत नाही, सगळा ताण टॅलिनवर येतो, त्याच्या घड्या उलगडतात, आत लपलेल्या जागा उघड्या पडतात आणि तिथे व्हिन्क्युलिन येऊन जोड आणखी पक्का करतं. आधार मऊ असेल तर तोच ओढला जातो, ताण साठत नाही आणि जोड टिकत नाही. हा ताण केंद्रकापर्यंत पोचतो. इटलीतल्या पादुआच्या गटाने २०११ मध्ये दाखवलं की कडक आधारावर याप आणि ताझ ही दोन प्रथिनं केंद्रकात जाऊन वाढीची जनुकं चालू करतात, मऊ आधारावर ती बाहेरच राहतात. अर्बुदाच्या वाढीत या दोघांचा हात असतो, त्यामुळे हा शोध आमच्या क्षेत्रात फार महत्त्वाचा ठरला.

दुसरा प्रश्न तर अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे आणि त्यावर खरोखर वाद झालेला आहे. १९९७ मध्ये पेलहॅम आणि वांग यांनी पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचं जेल वापरायला सुरुवात केली. त्यात जोडणी करणाऱ्या रेणूचं प्रमाण बदललं की ताठरपणा बदलतो, आणि वर कोलॅजेनचा थर सगळीकडे सारखाच देता येतो. २०१२ मध्ये एका गटाने आक्षेप घेतला की मऊ जेलमध्ये छिद्रं मोठी असतात, कोलॅजेन कमी ठिकाणी बांधलं जातं, पेशीला जाणवतो तो या बांधणीचा सैलपणा. २०१४ मध्ये दुसऱ्या गटाने छिद्रं आणि बांधणी वेगवेगळी बदलून पाहिली आणि पेशी ताठरपणाच ओळखते असं दाखवलं. माझा कल या दुसऱ्या गटाकडे आहे, पण नुसता ताठरपणा मोजून भागत नाही हे पहिल्या गटाने शिकवलं. ताणल्यावर जेल हळूहळू सैल होतं का, हेही पेशीला कळतं. शरीरातल्या ऊती तशा सैल होतात, पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जवळजवळ होत नाही.

डॉ_अभय_न

शल्यचिकित्सक आहे, त्यामुळे माझ्या बाजूचं सांगतो. स्तनातली गाठ आम्ही आधी बोटांनी ओळखतो, ती आजूबाजूच्या भागापेक्षा घट्ट लागते म्हणूनच. कर्करोगी पेशींभोवती कोलॅजेन साचतं, त्याचे धागे एकमेकांना जास्त जोडले जातात, ऊती चरबट लागण्याऐवजी लाकडासारखी लागते. स्वादुपिंडाच्या अर्बुदात तर पेशी कमी आणि तंतुमय भागच जास्त अशी स्थिती बरेचदा असते. ज्यांच्या मॅमोग्राफीत स्तनाची घनता फार जास्त दिसते त्या स्त्रियांना, अगदी कमी घनता असलेल्यांपेक्षा, कर्करोगाचा धोका चार ते सहापट असतो. घनता आणि ताठरपणा एकच नव्हेत हे खरं, पण घन ऊतीत कोलॅजेन जास्त असतं.

रेवाताईंनी उल्लेख केलेल्या वीव्हर यांच्याच गटाने २००९ मध्ये उंदरांत दाखवलं की कोलॅजेनचे धागे जोडणारं लायसिल ऑक्सिडेज हे विकर अडवलं तर ऊती कमी ताठर होते आणि अर्बुदाची आगेकूच मंदावते. आमच्यासारख्यांना बोटाला जे जाणवायचं ते रोगाचं फळ आहे असं वाटायचं. ते काही अंशी कारणही आहे हे तिथे दिसलं.

समीर_वाई

माहिती रोचक आहे, पण मला हे जरा एकतर्फी वाटतंय. प्लास्टिकवरच्या पेशी इतक्या खोट्या असत्या तर त्यातून औषधं निघाली नसती. टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कर्करोगाचं औषध कसं काम करतं हे एमसीएफ-७ पेशींवरच (स्तनाच्या कर्करोगाचा पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशी) कळलं ना? इमॅटिनिब प्रयोगशाळेतल्या पेशींवर चाललं आणि रुग्णांवरही चाललं. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था ६० पेशीवंशांवर हजारो रसायनं तपासत आली. जेलवर काम करायचं तर खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात. जे चाललंय ते बदलायला तितकं सबळ कारण हवं.

रेवा_ज

समीर, तुमचा मुद्दा मला मान्य आहे, प्लास्टिक फेकून द्या असं मी म्हणतच नाही. पण उदाहरणं नीट पाहू. इमॅटिनिब ज्या रक्ताच्या कर्करोगासाठी आलं त्याच्या पेशी माध्यमात तरंगत वाढतात, त्यांना प्लास्टिक फारसं धरावंच लागत नाही. टॅमॉक्सिफेनचं लक्ष्य इस्ट्रोजेनचा ग्राहक, तो एमसीएफ-७ मध्ये प्लास्टिकवरही टिकून राहतो. लक्ष्य पृष्ठभागावर अवलंबून नसेल तेव्हा प्लास्टिक चालतं. अडचण येते ती पेशीचं चिकटणं, सरकणं, पसरणं किंवा औषधाला न जुमानणं तपासायचं असतं तेव्हा.

न जुमानण्याचंच बघा. १९९९ मध्ये फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगावर एक निबंध आला. त्या पेशी लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन अशा प्रथिनांना चिकटल्या की केमोथेरपीच्या औषधांनी मरायला तयार होत नव्हत्या. हा बचाव बीटा-१ इंटिग्रिनमधून येत होता. त्याच वर्षी मायलोमाच्या पेशींत फायब्रोनेक्टिनमुळे हेच दिसलं, आणि मायलोमा तर रक्तपेशींच्याच घराण्यातला. तेव्हा तरंगणाऱ्या पेशींबद्दल मी वर म्हटलं त्यालाही मर्यादा आहे: अस्थिमज्जेत त्या तरंगत नाहीत.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. बरेच दिवस प्लास्टिकवर राहिलेली पेशी मऊ जेलवर हलवली म्हणून लगेच बदलत नाही. २०१४ मध्ये मानवी मूलपेशींवर हे दाखवलं गेलं. प्लास्टिकवर जास्त काळ काढलेल्या पेशींमधलं याप मऊ जेलवर गेल्यावरही केंद्रकातच राहिलं. आपले पेशीवंश तर दशकानुदशकं प्लास्टिकवर आहेत. हेला हा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा पेशीवंश १९५१ पासून शरीराबाहेर आहे. (सुरुवातीला ती काचेच्या नळ्यांत होती, आणि ती काचही ऊतीपेक्षा कैकपट कडकच.) म्हणून मऊ जेलवरचा एखाद-दोन दिवसांचा प्रयोगही मी सावधपणे वाचते.

मनस्वी

माझ्या आईवर स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे उपचार चालू आहेत. डॉ. अभय यांचं वाचून एकच प्रश्न पडला. भोवतालची ती कडक ऊती मऊ करणारं औषध देता येत नाही का?

डॉ_अभय_न

मनस्वी, तुमच्या आईंना आराम पडो. प्रश्न अगदी योग्य आहे आणि बऱ्याच संशोधकांनी तो घेऊन कामही केलं. उत्तर मात्र सरळ नाही. २००९ मध्ये उंदरांत असं दिसलं की हेजहॉग नावाचा संदेशमार्ग अडवला की स्वादुपिंडाच्या अर्बुदाभोवतालचा तंतुमय भाग कमी होतो आणि केमोथेरपी आत जास्त पोचते. माणसांवर चाचणी सुरू झाली, पण ते औषध मिळालेल्या रुग्णांची तब्येत न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली म्हणून २०१२ मध्ये ती थांबवावी लागली. २०१४ मध्ये उंदरांवरच्या दोन स्वतंत्र अभ्यासांत दिसलं की भोवतालचा तो भाग काढून टाकला तर अर्बुद अधिक आक्रमक होतं. कोलॅजेन जोडणाऱ्या विकरांपैकी एकाविरुद्धचं सिमटुझुमॅब हे प्रतिपिंडही स्वादुपिंडाच्या कर्करोगात उपयोगी पडलं नाही. म्हणजे तो कडक भाग पेशीला बळही देतो आणि तिला अडवूनही धरतो. आज तरी आईंच्या उपचारांत तुमच्या कर्करोगतज्ज्ञांनी ठरवलेली औषधं हाच मार्ग आहे. इंटरनेटवर कोणी "गाठ मऊ करणारं" काही विकत असेल तर कृपया घेऊ नका. काही शंका असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

मनस्वी

खूप आभार डॉक्टर. निरोप पाठवते.

सुनंदा_रत्नागिरी

हेलाचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचं एक नाव इथे यायलाच हवं. हेला वाढवणारे जॉर्ज गे यांच्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत आपल्या डॉ. कमल रणदिवे काम करून आल्या होत्या. पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या, कर्करोग-संशोधक डॉ. खानोलकरांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या. परत आल्यावर मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. त्या संस्थेचाच वारसा आज खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राकडे आहे. आज पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभर पेशीवंश जातात. या कामाची पायाभरणी एका मराठी बाईने केली हे शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेवा_ज

सुनंदाताई, हे लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मूळ लेखात यायलाच हवं होतं असं हे नाव आहे.

प्रज्ञा_एमएस्सी

ताई, मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशीवंशावर काम करते आहे. आमच्या विभागात महागडं तयार जेल मिळणं कठीण. कमी खर्चात मऊ पृष्ठभागावर तुलना करता येईल का? आणि मॅट्रिजेल वापरावं का?

रेवा_ज

प्रज्ञा, नक्की करता येईल. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडची रसायनं जेल इलेक्ट्रोफोरेसिससाठी तुमच्या विभागात असणारच. काचेच्या कव्हरस्लिपवर आधी अमिनोसिलेन आणि ग्लुटरालडिहाइडची प्रक्रिया कर म्हणजे जेल काचेला धरून राहील. अ‍ॅक्रिलअमाइड आणि बिस (जोडणी करणारा रेणू) यांचं प्रमाण बदलून एक मऊ आणि एक ताठर असे दोन जेल केलेस तरी प्रकल्पाला पुरे. पेशी कोऱ्या जेलला अजिबात चिकटत नाहीत, म्हणून वर कोलॅजेन बांधावं लागतं. त्यासाठी अतिनील प्रकाशाने चालणारा सल्फो-सॅनपाह हा जोडरेणू वापरतात. खर्चातला मोठा भाग तोच आहे, म्हणून आधी शेजारच्या विभागांत विचार. एक काळजी घे: घट्ट न झालेलं अ‍ॅक्रिलअमाइड चेतासंस्थेला घातक असतं, हातमोजे काढू नकोस आणि जेल झाल्यावर बफरने पुन्हा पुन्हा धू.

सगळ्यात मऊ जेल चिमट्याने उचललंस तर खरवसासारखं थरथरेल आणि फाटेल. कव्हरस्लिपसकटच उचल. जेलची जाडी निदान ५० ते १०० मायक्रोमीटर ठेव, फार पातळ झालं तर पेशीला खालच्या काचेचाच ताठरपणा जाणवतो. तुलनेला नेहमीचं प्लास्टिक ठेव, पण त्यावरही तेवढ्याच प्रमाणात कोलॅजेन लाव, नाहीतर पोलादवाला काकांनी विचारलेला प्रश्न तोंडी परीक्षेत तुलाच विचारतील.

मॅट्रिजेलबद्दल. ते उंदराच्या एका सार्कोमा अर्बुदातून काढतात. ४ अंशाला पातळ, ३७ अंशाला घट्ट. त्यात लॅमिनिन, कोलॅजेन-४ तर असतंच, शिवाय वाढीचे घटकही असतात, आणि प्रत्येक खेपेला त्यांचं प्रमाण थोडं वेगळं येतं. ते पेशीला आधारही देतं आणि खाऊही घालतं, म्हणून परिणाम आधाराचा की त्या घटकांचा हे सांगता येत नाही. प्रश्न ताठरपणाचा असेल तर ते वापरू नकोस. पेशी गोल करतात का, पुंजके करतात का हे पाहायचं असेल तर जरूर वापर, फक्त सगळे प्रयोग एकाच लॉटवर कर आणि लॉट क्रमांक वहीत लिही.

प्रज्ञा_एमएस्सी

जाडी कशी मोजू? आमच्याकडे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक नाही.

रेवा_ज

कॉन्फोकल नसलं तरी चालेल. जेलच्या मिश्रणात थोडे फ्लुरोसंट मणी घाल आणि साध्या फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकावर सगळ्यात खालचे आणि सगळ्यात वरचे मणी कुठे स्पष्ट दिसतात ते फोकसच्या चाकावरून वाच. दोन वाचनांतला फरक म्हणजे तुझी जाडी, ढोबळ असली तरी कामापुरती. कोरडं भिंग (तेल किंवा पाण्याच्या थेंबाशिवाय वापरायचं) वापरलंस तर पाण्याच्या अपवर्तनांकाने, म्हणजे १.३३ ने गुण, नाहीतर जाडी कमी दिसेल.